अँटेनाची व्याख्या

३ जून, सकाळी
ह्यांनी मधुमेहाच्या गोळ्या सोडल्या. नव्या टीव्हीत ॲपवर पलीकडच्या देशाचं एक चॅनेल लागतं. पांढऱ्या कोटातला एक इसम तिथे रोज चारला सांगतो, गोळ्या म्हणजे विष, माझ्या बाटलीतले पाच थेंब घ्या. बाटली घरात आलीसुद्धा. चौतीस वर्षांच्या संसारात माझं एक ऐकलं नाही, कोटवाल्याचं तीन दिवसांत ऐकलं. असो. प्रसारण नियमन कार्यालयात एकतीस वर्षं काढून निवृत्त झाले आहे. पंधरा दिवसांत चॅनेल बंद करते.

४ जून
तक्रार लिहिली. सात पानं, खाडाखोड नाही. कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर म्हणायच्या, नीट दिलेला सेमीकोलन अर्धं काम करतो. लेकीचा फोन. आई, रिमोट लपव आणि बाबांना डॉक्टरकडे ने. म्हटलं, प्रश्न एका रिमोटचा नाही, तत्त्वाचा आहे. म्हणाली, बाबांची साखर तत्त्वावर उतरत नाही. एवढं शिकवलं, त्याचं हे फळ.

१९ जून
आपल्या कार्यालयाचं उत्तर. परवाना पलीकडचा, तिकडे लिहा. लिहिलं. पुरावा हवा, म्हणून चारला मीही वही घेऊन बसते. केवळ पुराव्यासाठी. कोटवाल्यानंतरच्या मालिकेत सून फार सोसते. तिचीही नोंद ठेवली आहे.

८ जुलै, दुपारी ३.४०
पलीकडचे म्हणतात, कार्यक्रम आमच्या प्रेक्षकांसाठी नाही, सबब नियम लागू नाही. ॲप चालवणारी यंत्रणा तिसऱ्याच देशात आहे. तिसऱ्या देशाला लिहिलं. ह्यांना दिवसभर तहान लागते. थेंब लागू पडताहेत, म्हणतात. वाद घातला नाही. कायदाच काय ते बोलेल. चार वाजत आले.

२ ऑगस्ट
तिसरा देश: ॲपवर दिसतं ते प्रसारण नव्हे. तडक जुन्या कार्यालयात गेले. माझ्या खुर्चीत एक मुलगी. दर वाक्याला मॅडम. म्हणाली, आपल्याकडेही तेच आहे, नियम चारप्रमाणे प्रसारण म्हणजे अँटेनाने पकडलेला सिग्नल, ॲपला अँटेना लागत नाही. म्हटलं, ही व्याख्या कुठल्या गाढवाने लिहिली? तिने फाइल माझ्याकडे वळवली. खाली माझी सही. सेमीकोलन मात्र जागच्या जागी.

३ ऑगस्ट
नियम चारच्या दुरुस्तीचा मसुदा लिहायला घेतला. सोमवारी ह्यांना डॉक्टरकडे नेणार म्हणजे नेणार.

११ ऑगस्ट
सोमवार गेला. मसुदा दुसऱ्या कलमात अडला आहे. मालिकेतली सून माहेरी गेली.

२६ ऑगस्ट
ह्यांना सगळं धुरकट दिसू लागलं, तेव्हा नेलं. डोळ्यांत आतून रक्त उतरलंय. डॉक्टर म्हणाले, दोन महिने आधी यायला हवं होतं. म्हटलं, मी जूनमध्येच रीतसर तक्रार केली होती. त्यांनी विचारलं, कुणाकडे?

९ सप्टेंबर, संध्याकाळी
गोळ्या पुन्हा सुरू. दृष्टी परत येईल असं डॉक्टर म्हणत नाहीत. येणार नाही असंही म्हणत नाहीत. चारला हे खुर्चीत बसले. म्हणाले, नुसता आवाज येतोय, काय चाललंय ते तू सांग. सांगितलं. कोटवाल्याने बाटली उचलली. आता हसतोय. मग मालिका. ह्यांनी विचारलं, सून आली का परत?
आली, म्हटलं. आलेली नाही.
उद्यापासून जरा जवळ बस, म्हणाले. खुर्ची सरकवून ठेवली आहे. असं शेजारी बसून सांगायला अँटेना लागत नाही. नियम चारमध्ये हेही बसत नाही.