डबा गडगडवण्याच्या हक्काबाबत

बाजारपेठेत 'काटेवाले' या नावाने ओळखला जाणारा, वजनकाटे दुरुस्त करून पोट भरणारा, वयाने पन्नाशीच्या थोडा पुढचा असा मी, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवत आहे. डोकं ठिकाणावर आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही असंही लिहिणार होतो, पण बायको समोर भाजी निवडत बसली आहे. तेव्हा ते वाक्य जरा सैल धरावं.

निमित्त असं की, येत्या आठवड्यात माझ्या पित्ताशयातला खडा काढायचा आहे.

"खड्यासाठी कोणी मृत्युपत्र करतं का? डॉक्टर म्हणाले, दुसऱ्या दिवशी घरी."

"डॉक्टर त्यांचं काम करतील, मी माझं करतो."

"मग जरा मोठ्याने वाचत लिहा. मलाही कळू दे मला काय मिळतंय."

म्हणून मोठ्याने वाचत लिहीत आहे.

कलम १. राहतं घर, म्हणजे दोन खोल्या आणि स्वयंपाकघर (मागची अरुंद खोली वेगळी, ती कलम ५ मध्ये), माझ्या पश्चात संपूर्णपणे माझ्या पत्नीचं. तिच्यानंतर आमच्या एकुलत्या एक लेकीचं, जिला घरात भिंगरी म्हणतात. स्वयंपाकघराची पूर्वेकडची खिडकी कोणीही बुजवू नये. ती खिडकी नाश्त्यातून आलेली आहे. कशी, ते कलम ३ मध्ये येईल. तिची वरची कडी अडकते. ती उचलून मग ओढायची, नुसती ओढायची नाही. हे मी हयातीत पुष्कळदा सांगितलेलं आहे.

कलम २. बँकेत जे काही असेल ते पत्नीचं. किती आहे ते तिला माझ्याहून नक्की ठाऊक आहे. दुकानातली हत्यारं आणि पितळी वजनं, जो कोणी काटे दुरुस्त करत असेल त्याला द्यावीत, भंगारवाल्याला नाही. हे काम मला कोणी शिकवलं नाही. बिघडलेला एक काटा विकत घेतला, सगळा सोडवला, परत जोडला. दोन स्क्रू उरले. ते कुठले हे सापडेपर्यंत दुसऱ्या कामाला हात लावला नाही. तो काटा आजही घरात आहे आणि केसाइतकीही चूक करत नाही. तो मात्र कलम ५ मधल्या सामानाबरोबर जाईल.

कलम ३. मिश्रणं. ही माझी खरी मिळकत, म्हणून सविस्तर लिहितो.

भिंगरी लहान असताना आमच्याकडे दुकानातला पाकिटाचा नाश्ता येत असे. दूध ओतलं की झालं. एकदा मी ते पाकीट दुकानात नेऊन काट्यावर ठेवलं. आधी खोक्यासकट, मग खोक्याशिवाय, मग आतल्या पिशवीशिवाय. घरी येऊन बायकोला सांगितलं, "अगं, आपण पुठ्ठ्याचे पैसे देतोय आणि वर हवेचे." त्याच आठवड्यात पाकीट बंद केलं. जे पैसे वाचले ते वेगळे ठेवत गेलो आणि त्यातून स्वयंपाकघरात, जिथे नुसती भिंत होती, तिथे खिडकी आली.

मिश्रणं तीन. गोड मिश्रणात मंद आचेवर भाजलेले ओट्स, भाजलेले शेंगदाणे, सूर्यफुलाच्या बिया, मनुका, दूध पावडर, पिठीसाखर आणि दालचिनी. खाऱ्या मिश्रणात ओट्स, भाजलेल्या मसुराचं पीठ, वाळवलेला कांदा आणि मिरेपूड. ते उकळत्या पाण्यात ढवळायचं. तिसरं प्रवासाचं. ते कोरडंच खातात, म्हणून त्यात पावडरी नाहीत. भाजलेलं पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरायचं नाही, नाहीतर वाफ धरते आणि डबा फुकट जातो. गार झालं का, हे बोटाने बघू नये. पालथा हात लावावा.

आता मुख्य गोष्ट. गोड मिश्रणाचा डबा रोज काढला-ठेवला, की त्या धक्क्यांनी दाणे आणि मनुका वर येतात आणि बारीक ते सगळं तळाला जातं. जड वर आणि हलकं खाली, हे उलटं वाटतं. मलाही वाटलं होतं, म्हणून काचेच्या बरणीत करून पाहिलं. तसंच होतं. यावर उपाय मीच शोधला. झाकण घट्ट लावून डबा घडी घातलेल्या चादरीवर आडवा करायचा आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत गडगडवायचा. मधे एकदा उलटा धरायचा. मग पहिली वाटी आणि शेवटची वाटी अगदी सारखी. काटा सारखा पाहिजे तशी वाटीही सारखी पाहिजे. सकाळी जो आधी उठेल त्याने डबा गडगडवावा, असा या घराचा नियम आहे.

कलम ४. माझा मेहुणा पाकिटाच्या नाश्त्याच्या कंपनीचा माल दुकानादुकानांत पोचवतो. माझं मिश्रण पहिल्यांदा पाहून तो म्हणाला होता, "दाजी, कोंबड्या पाळल्यात की काय?" भरल्या घरात म्हणाला होता आणि सगळे हसले होते. बायको सगळ्यात जास्त. त्यास माझ्या पश्चात गोड मिश्रणाची एक वाटी मिळावी. ती त्याने याच टेबलाशी बसून, सर्वांसमोर संपवावी आणि मग काय ते बोलावं.

कलम ५. मागची खोली, तिन्ही मिश्रणांची मापं, भाजायची मोठी कढई, चाळण्या, डबे आणि घरचा काटा, हे सर्व भिंगरीला. परंतु माझ्या पश्चात.

हे कलम मोठ्याने वाचलं तेव्हा बायकोने भाजी बाजूला ठेवली.

कारण सांगणं भाग आहे. भिंगरी औषधांच्या दुकानात काउंटरवर काम करते. कोपऱ्यावरचा बंद पडलेला गाळा भाड्याने घेऊन तिला मिश्रणं विकायची आहेत. गाळ्याच्या मालकाला उद्या उत्तर हवं आहे, नाहीतर तो झेरॉक्सवाल्याला देणार. तिने मला विचारलं. मी हो म्हणालो नाही, नाहीही म्हणालो नाही. अडचण गाळ्याची नव्हती. तिचं म्हणणं होतं, "बाबा, मी डबा गडगडवणार नाही. वरचं वेगळं विकणार, तळाचं वेगळं. वरचं ज्यांना चावायला आवडतं त्यांना, तळाचं लहान मुलांना आणि कवळीवाल्यांना." मी म्हणालो, तळाचा भुगा गिऱ्हाइकाला विकायचा? माझ्या नावावर? त्यानंतर बोलणं मीठ-साखरेपुरतंच राहिलं.

"माझ्या पश्चात म्हणजे कधी?" बायकोने विचारलं.

"ते का मला ठाऊक आहे?"

"तुम्ही धडधाकट आहात. पोरीने तोवर काय करायचं? तुमच्या खड्याकडे बघत बसायचं?"

"तिने गडगडवायचं कबूल केलं तर आत्ता देतो."

"मी तरी कुठे गडगडवते?"

हे ऐकून माझं पेन थांबलं. या घरात सगळ्यात आधी उठते ती हीच.

"पहिल्या दिवसापासून कधीच नाही," ती म्हणाली. "डबा मी नुसता दोनदा आपटते आणि तुमची वाटी वरून भरते. तुम्हाला दाणे आवडतात. तळाचं आम्हा मायलेकींचं."

"आणि सारखेपणा?"

"तो काट्यात असू द्या. थांबा."

ती उठली, डब्यात हात घालून तळाचं वाटीत काढलं, वर गरम दूध ओतलं आणि वाटी या कागदाशेजारी ठेवली. "खा आणि मग लिहा."

मी खाल्लं. ज्याला भुगा म्हणत आलो ती दाट, मऊ, दालचिनीची खीर झाली होती. दाण्यांचा बारीक चुरा मधेमधे लागत होता, चावावा न लागता. मग मी आणखी मागितलं. मनुका नसूनही ते इतकं चांगलं लागतं याचं कारण मूळ प्रमाण बिनचूक आहे, आणि ते प्रमाण माझं आहे, हे इथे नोंदवून ठेवतो.

तेवढ्यात दारावर थाप पडली. साक्षीदार म्हणून बोलावलेला शेजारचा कुलूपवाला आला आणि त्याच्यामागे मेहुणा.

"दाजी, मी पण सही करणार."

"तुला यात मिळकत आहे. मिळकतवाल्याने साक्षीदार होऊ नये असं वकील म्हणाले."

"म्हणून तर आलो. ताईने फोनवर सांगितलं मला काय मिळणारे. मला नको, मी साक्षीदारच बरा."

"मग आत्ताच खा," त्याची बहीण म्हणाली आणि कढत वाटी त्याच्या हातात दिली. तळाचीच.

कलम ६. वरील कलम ५ मी माझ्या हाताने, एक सरळ रेघ मारून रद्द करत आहे. त्यातल्या वस्तू आता माझ्या मालकीच्या नसल्यामुळे त्या मृत्युपत्राने देता येत नाहीत. मागच्या खोलीची किल्ली भिंगरीला हाक मारून आत्ताच दिली आहे. ती म्हणाली, "बाबा, आणि गडगडवणं?" मी म्हणालो, तुझं दुकान, तुझा डबा. ती चपला घालून गाळ्याच्या मालकाकडे पळाली. खोलीचं कुलूप न उघडता किल्ली घेऊन पळाली, त्यामुळे बायकोला हवी असलेली पिठाची चाळणी मागच्या खोलीत अडकून पडली आहे.

कलम ७. डबा गडगडवण्याचा हक्क मी माझ्या वाटीपुरता राखून ठेवत आहे. माझा डबा वेगळा असावा.

कलम ८. कलम ४ रद्द. मेहुण्याने वाटी संपवली. त्याचे शब्द, साक्षीदारांदेखत, जसेच्या तसे: "दाजी, कोंबड्यांची चैन आहे." मी हे समाधानकारक मानतो. जाताना त्याने एक किलो मागितलं. त्यास सांगण्यात आलं की माल आता कोपऱ्यावर मिळेल, आणि नातेवाइकांना सूट आहे की नाही ते मालकीणबाई ठरवतील.

लिहून देणार: काटेवाले
साक्षीदार १: शेजारचा कुलूपवाला
साक्षीदार २: मेहुणा (दुसरी वाटी संपेपर्यंत सहीसाठी थांबावं लागलं)
ठिकाण: स्वयंपाकघरातलं टेबल, खिडकीच्या बाजूने
दिनांक: ऑपरेशनच्या आधीचा रविवार, सकाळी, भिंगरी गाळ्याची चावी घेऊन परत आली तेव्हा