शस्त्राला सुतक नसतं

आबा, तुमचं पिस्तूल इथं माझ्या घराच्या तळघरात आहे. म्हणजे अगदी तुमचंच नव्हे. तुमचं ते आईनं तुमच्या चौदाव्या दिवशी तालुक्याच्या चौकीत नेऊन दिलं. "आम्हाला नको, तुमचं तुम्ही सांभाळा," म्हणाली आणि तिथलं पाणीसुद्धा न पिता परत आली. पण त्याच घडणीचं, तशीच तिरकी मूठ, तशीच बारीक नळी. मी भाड्यानं राहतो त्या घराच्या तळमजल्यावर एक म्हातारा आहे, तो असली जुनी जर्मन पिस्तुलं जमवतो. दुसरं महायुद्ध संपल्यावर सैनिकांनी पिशवीत घालून घरी नेलेली. अमेरिकेतले ते सैनिक आता मरताहेत, त्यांची मुलं बापाची चीजवस्तू विकायला काढतात आणि हा इथं स्टुटगार्टात ती परत आणतो. रीतसर परवाना आहे, पोलादी कपाट आहे. इतकी वर्षं एकाच जिन्यावरून ये-जा करून मला याचा पत्ता नव्हता. इथं शेजाऱ्याबद्दल एकच गोष्ट पक्की ठाऊक असते, त्याची केअरवोखे कधी आहे ती, म्हणजे जिना झाडायची पाळी.

गेल्या शनिवारी ती पाळी माझी होती. झाडत झाडत तळघरात उतरलो तर त्याचं दार उघडं. टेबलावर पांढरं फडकं आणि त्यावर ओळीनं मांडलेली पिस्तुलं. आबा, झाडू हातात तसाच राहिला. पन्नाशीचा माणूस मी, गिअरबॉक्सची ड्रॉइंगं करकरून केस पांढरे झालेले, आणि एकदम गालावर तुमची बोटं आठवली.

खंडेनवमी आहे. आई पाट मांडते, त्यावर विळा, कोयता, कुऱ्हाड, कोपऱ्यात माझी पुस्तकं. मग तुम्ही ट्रंक उघडता आणि धोतराच्या फडक्यातून ते काढता. गंध ओलं करून त्याला लावता, वर हळद, वर कुंकू, झेंडूचं फूल, आणि रात्रभर ते तसंच पाटावर. मग सांगायला बसता. इटलीतलं डोंगरावरचं गाव, जर्मन अधिकाऱ्यानं तुमच्यावर नेम धरलेला, तुम्ही झेप घेऊन मनगट पिरगाळलंत आणि हिसकावलंत. जर्मन व्हायचा मान दरवर्षी दादाचा. तुम्ही त्याचं मनगट पिरगाळायचात, तो खोटं खोटं ओरडायचा आणि डोळे असे चमकायचे त्याचे! मी एकदा, एकदाच, त्या मुठीला हात लावला. कानशिलात बसली. "तू तुझ्या पुस्तकाला हात लाव. हे तुझ्या हाताचं काम नाही." कुणाच्या हाताचं होतं ते तुम्ही आधीच ठरवून ठेवलं होतंत.

दादा भरती व्हायला निघाला तेव्हा मुंबईच्या मामानं त्याचा फोटो काढला. कमरेला तुमचं पिस्तूल खोचलेलं, तोंडभर हसू. आई म्हणाली होती, थोरला घरी राहू दे, शेती कोण बघणार? तुम्ही म्हणालात, "वाघाचं पिल्लू गवत खात नसतं." झालं. एकाहत्तरच्या पूर्वेकडच्या लढाईत, तिकडच्या चिखलात ते पिल्लू पडलं. त्याचं तोंडसुद्धा आम्हाला बघायला मिळालं नाही.

आणि पुढचा दसरा. दादाचं वर्षश्राद्ध व्हायचं होतं, घरात सण नव्हता, दारावर तोरण नव्हतं. आईनं पाटसुद्धा काढला नव्हता. तुम्ही स्वतः तो काढून मांडलात. कोयता नाही, विळा नाही, माझी पुस्तकं नाहीत, एकटं ते. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी. "अहो, या वर्षी तरी राहू द्या. पोरगं गेलंय की हो आपलं." तुम्ही मागं वळूनही न बघता म्हणालात, "शस्त्राला सुतक नसतं." आणि कुंकू लावलंत. आई आत गेली ती त्या दिवशी चुलीपाशी फिरकली नाही. त्यानंतर तुम्ही हयात होता तोवर तिनं तुमच्याकडं मान वर करून काही मागितलेलं मी पाहिलं नाही. मला तर त्या दिवसापासून तुमची शिसारी आली होती आबा, आज सांगून टाकतो. शिकायला लांब लांब पळत राहिलो त्याचं कारण लोकांना हुशारी वाटते. कसली हुशारी? तो पाट बघायचा नव्हता मला.

तर, म्हातारा. त्यानं मला आत बोलावलं, पांढरे हातमोजे दिले. उघड्या बोटाचा घामसुद्धा पोलाद खातो म्हणाला. मला हसू आलं. म्हटलं, आमच्या घरी याला दरवर्षी ओलं गंध, हळद, कुंकू लावून रात्रभर ठेवायचे, आणि गंजाचे ठिपके पडले की माझा बाप ते चुलीतल्या राखेनं घासायचा. म्हाताऱ्यानं दोन्ही हात डोक्याला लावले. "आख गॉट! राखेनं?" मग आम्ही दोघंही हसलो. फार दिवसांनी तुमच्या नावानं हसलो असेन. मग त्यानं विचारलं, वडलांना मिळालं कसं? मी सांगितलं. डोंगरावरचं गाव, अधिकारी, मनगट.

त्यानं मान हलवली. "गेनाऊ," म्हणाला, अगदी बरोबर. "या टेबलावरच्या प्रत्येकाबरोबर हीच गोष्ट आलीये. प्रत्येकाचा बाप शूर, प्रत्येक पिस्तूल अधिकाऱ्याच्या हातातून हिसकावलेलं. एवढे अधिकारी आमच्याकडं नव्हतेच." तो चेष्टा करत नव्हता. त्याची तुकडी शरण गेली तेव्हा सतरा वर्षांचा होता तो. ओळीनं उभं केलं, एकेकानं पुढं जाऊन आपलं हत्यार टाकायचं. केवढा तरी ढीग झाला. समोरचे सैनिक नंतर वाकून त्यातलं आवडेल ते उचलत होते, बाजारात वांगी निवडावीत तसे. "कुणी हिसकावलं नाही," म्हणाला. "आम्हीच टाकलं. आनंदानं टाकलं. आता जगणार, एवढंच डोक्यात होतं."

एखाददुसऱ्यानं खरंच हिसकावलं असेलही. तुम्हीच असाल तो, असं मी जिना चढताना स्वतःला सांगत होतो. पण मधल्या पायरीवर मला तुमच्या पलटणीतले ते काका आठवले, कराडहून यायचे ते. पडवीत रमची बाटली मध्ये ठेवून तुम्ही दोघं बसलेले, आणि ते मांडीवर थाप मारून म्हणतात, "केवढा ढीग होता रे! मला लेका दुर्बीण घावली आणि तू ते उचललंस." आणि तुम्ही हसता, आणि मी दिसताच गप्प होता. मी तेव्हा लहान. कसला ढीग, मला काय कळणार?

बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात, आबा. आणि त्या भातावर तुम्ही दादाला वाढवलंत. ज्याचं ते होतं त्यानं सुटलो म्हणून जमिनीवर टाकलं, घरी गेला असेल, लग्न केलं असेल, नातवंडं खेळवली असतील. तुम्ही ते उचलून आणलंत, त्याला कुंकू लावलंत आणि आपलं पोर त्याच्यापुढं ठेवलंत. चार दिवस मी घरात दारं आपटत होतो. तुम्ही समोर असतात तर तुमची गचांडी धरली असती, बाप म्हणून बघितलं नसतं.

आणि मग काल संध्याकाळी मुलगी स्वयंपाकघरात येऊन बसली. युद्ध संपून साठ वर्षं झाली म्हणून तिच्या शाळेत प्रत्येकानं आपल्या घरातल्या सैनिकाबद्दल बोलायचं आहे. वर्गातल्या पोरांची पंचाईत झालीये, आजोबा काय करत होता ते घरी कुणी धड सांगत नाही. हिची मान मात्र ताठ. ती जर्मनमध्ये विचारते, मी मराठीत उत्तर देतो, आमचं असंच चालतं. तिनं दादाचा तो फोटो टेबलावर ठेवला होता. "पापा, श्टिम्ट दास? आजोबानं ते खरंच हिसकावलं होतं? आणि ते बघूनच काका सैन्यात गेला ना?"

मी भाजी परतत होतो. खरं ते अगदी जिभेवर होतं. ढीग होता, बाळा. वाकून उचललं. एवढंच म्हणायचं होतं, किती सोपं आहे ते. पण तिनं फोटो माझ्याकडं वळवला आणि म्हणाली, कसला हसतोय बघ काका. आणि आबा, मला तो पाट दिसला, त्यावर एकटं ते. त्या वर्षी तुम्ही ते ट्रंकेतून काढलं नसतं तर आईला कळलं असतं की तुमचाच त्या गोष्टीवर विश्वास नाही. मग पोरगं कशापायी गेलं, हे तिनं विचारलं असतं, आणि तुमच्यापाशी उत्तर नव्हतं. म्हणून तुम्ही मागं वळून बघितलं नाहीत. तोंड दाखवायला जागा नव्हती तुम्हाला.

म्हणून माफ केलं असं समजू नका. आईनं केलं नाही, मी कोण लागून गेलो? हे कागद उद्या रद्दीच्या डब्यात जातील. तुमच्या फोटोसमोर ठेवून उदबत्ती लावण्यातला मी नाही.

फक्त एक सांगायचं राहिलं. मी तिला हो म्हणालो. हिसकावलं, अधिकाऱ्याच्या हातातून, मनगट पिरगाळून. ती भराभर लिहून घेत होती. मध्येच मान वर करून तिनं विचारलं, तेव्हा हवा कशी होती? हे तुम्ही कधीच सांगितलं नव्हतंत. मी म्हणालो, पाऊस पडत होता.