जोसाया क्विम्बींची दुसरी कबर

एल्क फोर्ड, साउथ डकोटा
३० मे १९८६

प्रिय ऑर्विल,

तुझा गुडघा कसा आहे? इकडे सगळं ठीक. परसात रूबार्ब यंदा इतका आलाय की मुरंब्याच्या बरण्या ठेवायला फडताळ पुरत नाही.

फोनवरच्या तुझ्या बोलण्याबद्दल लिहायचं नाही असं ठरवलं होतं. पण ते सोडलं तर लिहिण्यासारखं काही उरतच नाही. "बर्डेट गावच्या माणसाशी लग्न करतेस? पणजोबा थडग्यात कूस बदलतील. मी येणार नाही," असं सख्खा भाऊ असून म्हणालास आणि फोन ठेवलास.

तर ऐक. ते कूस बदलणार नाहीत. मी बघून आलेय.

दोन वर्षं मी त्यांचा माग काढतेय हे तुला ठाऊक आहे. विधिमंडळातली त्यांची भांडणं मिळाली. ऐन थंडीत बैल जुंपून जिल्ह्याचं मुख्य ठिकाण आपल्याकडे यावं म्हणून त्यांनी बर्डेटच्या कोर्टाची अख्खी लाकडी इमारत गोठलेल्या नदीवरून आपल्या गावात ओढून आणली, तेही सगळं मिळालं. शेवट मात्र सापडेना. 'हिमवादळात गेले' एवढंच आपल्या घरात सांगतात. मी पार राजधानीपर्यंत जाऊन शोधलं. बर्डेट नदीपलीकडेच, पण तिथे नाही शोधलं. क्विम्बींपैकी कोण तिथे पाऊल ठेवतं?

सोमवारी स्मृतिदिनाला नेहमीसारखी आपल्या गावातल्या पणजोबांच्या कबरीच्या दगडावर लायलॅकची फुलं ठेवली. मग थर्मनबरोबर त्याच्या पहिल्या बायकोच्या कबरीवर गेले, बर्डेटला. शेजारच्या दगडावर नाव होतं जोसाया क्विम्बी. खाली लिहिलेलं: 'मार्थाचा नवरा. कोंबड्या चांगल्या सांभाळल्या.'

"आमचे जोसाया इथे?" मी ओरडलेच.

"अगं, हा तर आमचा कोंबडीवाला म्हातारा!" थर्मन म्हणाला. "तुमचा कधीपासून झाला?"

"कोर्टवाले पणजोबा आहेत ते आमचे!"

"तोच तो. कोर्ट ओढून नेताना मार्थानं दारातून त्याच्या अंगावर खरकटं पाणी फेकलं होतं. पुढे म्हातारपणी दोघंही एकटी पडली, तेव्हा आला माफी मागायला. ती म्हणाली, आधी जेव, मग माग. तो परत गेलाच नाही. म्हणून तुमच्या लोकांनी लाजेखातर गोष्टीतच वादळात मारून टाकला असेल त्याला!"

म्हणजे इतकी वर्षं आपण रिकाम्या जागेवर फुलं वाहतोय रे! तू तर दर वर्षी तो दगड ब्रशने घासायचास. मला आधी हसू फुटलं, मग रडू आलं. थर्मनने कॉफी पुढे केली. माणूस चांगला आहे, ऑर्विल. मी फार सुखात आहे.

लग्न चौदा जूनला, बर्डेटच्या चर्चमध्ये. साठाव्या वर्षी पहिल्यांदा नवरी होणाऱ्या बाईला वेदीपर्यंत एकटीने चालता येतं, असं मी सगळ्यांना सांगत फिरतेय. खोटं आहे ते. हात धरून न्यायला बाबा नाहीत. मला तुझा हात हवाय.

माझ्यासाठी यायला जड जात असेल तर पणजोबांसाठी ये. आणि ब्रश घेऊन ये. त्यांच्या खऱ्या दगडावर शेवाळ चढलंय. मी हात लावलेला नाही, ते काम तुझं आहे.

क्विम्बींपैकी बर्डेटला नांदायला जाणारी दुसरी,
तुझी विनी