बुधवारची सुट्टी

चाचा,

लातूरच्या मेसमधल्या बायकांना अखेर आठवड्याची भरपगारी सुट्टी मिळाली. तुमचा चेला आमदार झालेला बघायला तुम्ही राहिला नाहीत, म्हणून ही बढाई आज तुमच्यापुढेच मारतो. कोचिंगसाठी गावोगावची पोरं इथं येऊन राहतात आणि त्यांच्या पोळ्या लाटणाऱ्या बायका सणालासुद्धा घरी नसायच्या. मालक म्हणायचे, पोरांना काय उपाशी ठेवायचं? दोन वर्षं भांडलो, पण वाकवलंच.

नांदेडच्या गिरणीतला माझा पहिला करार आठवतो. मॅनेजरच्या खोलीत बिस्किटं खात सही केली आणि कागद नाचवत गेटवर आलो. युनियनचे सेक्रेटरी तुम्ही. कागद हातातही घेतला नाहीत. सगळ्या पाळीसमोर म्हणालात, "गेटवर सगळ्यांपुढं वाचल्याबिगर सही केलास? मग मॅनेजरमधी अन् तुझ्यात फरक काय राह्यला, बेटा?" मेल्याहून मेल्यासारखं झालं. आठवडाभर तुमच्याशी बोललो नव्हतो.

मग भूकंप झाला. गिरणी कामगारांनी गोळा केलेलं सामान ट्रकमध्ये भरून आपण निघतो. ज्या गावात पोचतो तिथं घर म्हणावं असं काही उरलेलं नाही. मी ट्रकवर उभा राहून कपडे फेकायला लागतो, तुम्ही मला खाली उतरवता आणि ढिगाऱ्यापाशी बसलेल्या बायकांना विचारता, काय पाहिजे. मग एक जण खाली बघत म्हणते, न्हायला आडोसा न्हाई. तुम्ही मोर्चाचे लाल कापडी फलक काढता आणि बांबूंना बांधून घेता. मी कुरकुरतो, तर म्हणता, नवे शिवू. पुढे त्या गावाने मला भरभरून मतं दिली, ती त्या आडोशाची होती.

मागच्या आठवड्यात मेसमालकांनी मला हॉटेलात बोलावलं. करार तयार होता, पेनसुद्धा पुढे केलं. आधी बायकांना वाचून दाखवतो म्हटल्यावर हसले. त्यांनाही सोबत नेलं आणि मेसच्या दारात उभा राहून वाचला. रविवारची सुट्टी म्हणताच मागून एक वयस्क बाई उठली.

"रविवारी पोरांची परीक्षा असती, मायबाप भेटाय येतेत. त्या दिशी आमाला कोण सोडतंय? सुट्टी कागदावरच राहील. बुधवार लिवा."

मालकांचे चेहरे उतरले, तेव्हा त्यांनी रविवार का घातला होता ते माझ्या डोक्यात शिरलं. बुधवार लिहून घेतला, मगच सही केली. पहिल्या बुधवारी बायका ठेवणीतली लुगडी नेसून गंजगोलाईच्या बाजारात हिंडत होत्या आणि मालक स्वतः कणीक मळत होते. चाचा, माझा ऊर भरून आला. निवडून आलो त्या दिवशीही एवढा भरला नव्हता.

काल सत्काराच्या सभेत मी सांगून टाकलं की बुधवार मलाच सुचला. टाळ्या लई पडल्या. ती बाई पहिल्याच रांगेत होती, तीही वाजवत होती. तुमचा पत्ता असता तरी, चाचा, या शेवटच्या ओळी खोडूनच मी हे पत्र पाठवलं असतं.