निरोगी गटातला तुकडा

४ ऑगस्ट
धुळ्यात पोचले. नोकरी मिळाली, खोलीही मिळाली, अजून काय हवं? पहूरहून निघताना आईने मिशरीचा डबा पिशवीत कोंबलाच. घरमालकीण बेबाबाईही मिशरीच लावते. सकाळी दोघी ओट्यावर दात घासत बसलो आणि गट्टी जमली.

७ ऑगस्ट
दंत महाविद्यालयातली प्रयोगशाळा छान थंड आहे. तोंडातले तुकडे येतात: कॅन्सरचे, कॅन्सरआधीच्या पांढऱ्या डागांचे आणि तुलनेसाठी निरोगी. मी ते वाटून त्यांत अँटिऑक्सिडंट किती उरलंय ते मोजते. शरीराची ही राखण निरोगी तुकड्यात भरपूर, डागात कमी, कॅन्सरमध्ये जवळजवळ खडखडाट. तंबाखू खाणाऱ्यांचा मला संताप येतो. फुकट मिळालेली राखण थुंकून टाकतात मेले.

२१ ऑगस्ट
निरोगी तुकडे कमी पडताहेत. माझी अक्कलदाढ काढायचीच होती, तेव्हा प्रयोगशाळेच्या हितेंद्र सरांनी तिच्याजवळची थोडी हिरडी मागितली. तंबाखू खाता का, विचारलं. मी ठणकावून नाही म्हटलं.

२५ ऑगस्ट
माझ्या तुकड्याचा आकडा डागवाल्यांच्या रांगेत जाऊन बसला. रसायन खराब असणार.

२६ ऑगस्ट
नवं रसायन. तेच.
बेबाबाईला सांगितलं, तर ती म्हणाली, मिसरी काय तमाखू शे का? बठ्ठ्या बाया घसतस, माले काय व्हयनं? मीही हेच मानत आले, सगळ्याच बायका घासतात, मिशरी म्हणजे काही तंबाखू नव्हे. आई तव्यावर तंबाखूच भाजायची, त्या धुराने मीच खोकायचे. एवढं शिकून काय उजेड पाडला मी?

३१ ऑगस्ट
आरशात पाहिलं. खालच्या ओठाच्या आत, रोज बोट फिरतं तिथेच पांढरं. पुसलं जात नाही. तिखट लागलं की झोंबतं.
सरांना मिशरीचं सांगितलं. म्हणाले, मग तुमचा तुकडा निरोगी गटातून काढावा लागेल, अभ्यास बिघडतो. मी दारापर्यंत गेल्यावर म्हणाले, डागही तपासून घ्या.

४ सप्टेंबर
डागाचा तुकडा काढला. निम्मा तपासणीला गेला, निम्मा माझ्याकडे. स्वतःचाच तुकडा वाटला. आकडा खाली. अजून खाली. पक्का अहवाल सोमवारी. भीती वाटते.

५ सप्टेंबर
आईला फोन केला, मिशरी सोड म्हटलं. तिलाही तिखट झोंबतं, केव्हापासून. मिशरी लावली की बरं वाटतं म्हणे — माझा डबा संपत आला असेल, नवा एसटीने पाठवते म्हणे —

६ सप्टेंबर
डबा उकिरड्यावर फेकला. डोकं ठणकतंय. बेबाबाई ओट्यावर घासत बसलीय. वास —

सोमवार
उठले तर डबा उशाशी. पायांना उकिरड्याची राख. बोट काळं. मी कधी गेले —
अहवाल अकरा वाजता. तोवर फक्त एकदा. जळजळ थांबते, खरंच थांबते, आई खोटं नाही बो—