‘लवकरच’ म्हणजे किती

३ फेब्रुवारी

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

तुमचं अक्षर आता ओळ सोडून वर चढायला लागलंय. तुम्ही त्याबद्दल काही लिहिलं नाहीत, म्हणून मीही विचारत नाही. मामीनं मात्र फोनवर सांगितलं, की डॉक्टरांनी नजर पुन्हा मोजली. मधली शाबूत आहे, पण कडांनी आणखी आत आली आहे.

जानेवारीच्या पत्रात लिहिलं होतं, त्या माझ्या कामाची बातमी अशी, की पीएचडीच्या चौथ्या वर्षी मी खळ शिजवायला शिकते आहे. तुमच्या डोळ्यांत एक जनुक बिघडलेलं आहे. तसलंच धडधाकट जनुक पेशीत पोचवायचं, तर पेशी त्याला दारातून आत घेत नाही. म्हणून वनस्पतींच्या स्टार्चमध्ये थोडा रासायनिक बदल करून मी त्याची पुडी बांधते. केसाच्या जाडीत अशा आठशे पुड्या शेजारी शेजारी मावतील. म्हणजे मावायला हव्यात. प्रत्यक्षात त्यांच्या गुठळ्या होतात. जनुक आत गेलं की पेशी हिरवी चमकते. बशीतल्या शंभर पेशींतल्या चार चमकतात. उरलेल्या शहाण्णव मला ओळखही दाखवत नाहीत.

मामीला नमस्कार. लोभ आहेच, तो गुठळ्यांसकट असावा.

तुमची,
भाची

१० फेब्रुवारी

चि. शास्त्रज्ञबाईस,
अनेक आशीर्वाद.

चाळीस वर्षं पुस्तकं बांधतोय. खळीला गुठळी झाली तर मी पिठाला नाही, ओतणाऱ्याला बोल लावतो. तू एकदम ओततेस का? तसं असेल तर इतकी शिकलीस ती कशाला? थेंब थेंब सोड आणि ढवळणं थांबवू नकोस. मध्येच कोणी हाक मारली तर ओ देऊ नकोस. मी देत नाही. तुझी मामी साक्षीला आहे.

आता घरची गंमत. डॉक्टरांनी एका प्रशिक्षण केंद्राचा अर्ज दिलाय. काठी घेऊन चालायचं आणि बोटांनी वाचायचं, सहा महिने. एक मार्चला वर्ग सुरू होतो. मी सही करणार नाही म्हटल्यावर तुझी मामी दोन दिवस बोललेली नाही, त्यामुळे घरात फार शांतता आहे. मी तिला तुझं जानेवारीतलं पत्र दाखवलं. ‘यातून डोळ्यांवर इलाज लवकरच निघेल’ असं तू स्वतः लिहिलंयस. चहातली साखरही मोजून सांगणारी मुलगी तू. ‘लवकरच’ लिहिलंस ते मोजूनच लिहिलं असशील. मग अजून चार-सहा महिन्यांसाठी मी काठी कशाला घेऊ? मधली नजर आहे तोवर शिवण दिसते. थांबतो.

तब्येतीला जप. आठवण ठेवतेसच, पत्रंही ठेव.

तुझा,
मामा

१७ फेब्रुवारी

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

मी एकदमच ओतत होते. तुम्ही सांगितलंत तसं थेंब थेंब सोडलं. चाराच्या अकरा पेशी झाल्या. ही पद्धत कुठून मिळाली, असं सरांनी विचारलं. चिकट पदार्थांचे एक जुने जाणकार आहेत, असं मी सांगितलं. त्यांनी तुमची पदवी विचारली नाही, हे आपलं दोघांचं नशीब.

आता दुसरं. हे लिहायला मी तीन कागद फाडलेत, आणि मला कागद फाडायची सवय नाही. अकरा पेशी बशीतल्या आहेत. बशीनंतर उंदीर, मग मोठे प्राणी, मग मोजकी माणसं, आणि प्रत्येक पायरीवर काही वर्षं. सगळं नीट झालं तर बारा ते पंधरा. आणि अशा कामांत बहुतेकदा सगळं नीट होत नाही. ‘लवकरच’ मी मोजला नव्हता. त्या दिवशी पहिल्या चार पेशी चमकल्या होत्या, आणि तुम्हाला काहीतरी चांगलं लिहावंसं वाटलं. प्रयोगवहीत हा शब्द मी कधीच लिहिला नसता. तिथे चूक झाली तर परीक्षक विचारतात. तुम्ही विचारणार नव्हतात, म्हणून तुम्हाला लिहिला. एवढी अचूक म्हणून मिरवते, आणि माझी सर्वांत मोठी चूक पोस्टाच्या पाकिटात निघाली.

मामा, अर्जावर सही करा. माझ्यासाठी थांबू नका. मी वेळेवर येणार नाही.

राग आला तर पत्रातून काढा. लोभ कमी झाला तरी अगदी बंद नसावा.

तुमची,
भाची

९ मार्च

चि. शास्त्रज्ञबाईस,
आशीर्वाद.

आठ दिवस रागावलो होतो. डॉक्टरांवर, असं मामीला सांगितलं. तुझ्यावरच होतो. शेवटच्या दिवशी सही केली.

पहिल्याच दिवशी डोळ्यांवर पट्टी बांधून दरवाजा शोधायला सांगितलं. मी कपाट शोधलं, उघडलं आणि आतल्या कोटाला नमस्कार करून बाजूला व्हा म्हणालो. सगळा वर्ग हसला. त्यांनाही दिसत नाही, पण ऐकू उत्तम येतं. बोटांचं आणखी वाईट. इतक्या वर्षांच्या सुई-दोऱ्यानं ती निबर झालीत. शिकवणाऱ्या बाईंनी दहाही चाचपून पाहिली आणि त्यांतली एक डावी करंगळीच शिकण्यासारखी आहे म्हणाल्या. सध्या तिच्यावर सगळ्यांची भिस्त आहे. काल तिनं एक अख्खा शब्द वाचला. चुकीचा वाचला, पण अख्खा.

तुझं काम सोडू नकोस. माझ्या नाही, तर दुसऱ्या कुणाच्या डोळ्यांना होईल.

एकच सांगणं. जे काही खरं असेल, वाईट असलं तरी, ते आत्ताच लिहून पाठव. अजून मी स्वतः वाचतो. पुढे तुझी मामी वाचून दाखवील, आणि ती मधलं गाळते.

तुझा,
मामा