हसरा हायाशी, घुम्या मोरिता

५ जानेवारी
सुप्याच्या आमच्या कारखान्यात आज दोन जपानी इंजिनिअर आले. त्यांचं राहणं-खाणं, सिमकार्ड, औषधपाणी — सगळं माझ्या गळ्यात! सचिन सर म्हणाले, "फरहीन, दोघं वर्षभर टिकले की तू नोकरीत कायम. एक जरी पळाला तर विसर."

हायाशी दिसेल त्याला हसून नमस्कार घालतो. मोरिता मात्र घुम्या. हा आठवडाभरात पळणार!

१० जानेवारी
हायाशी सगळ्यांचा लाडका! शिपायाच्या घरी बारसं, कॅन्टीनवाल्याच्या शेतात हुरडा — स्वारी सगळीकडे हजर. गेस्टहाऊसवर स्वयंपाक करणाऱ्या रंगुबाई त्याच्या ताटात चौथी भाकरी टाकतात आणि तो हात जोडून खातो. मोरितानं दुसऱ्या भाकरीलाच ताटावर हात आडवा धरला. "नको. बास."

रंगुबाई फणफणल्या, "लई शिष्ट हाय त्यो!"

घरी आल्यावर त्या आडव्या हाताची नक्कल करून दाखवली. अम्मी हसून लोटपोट.

१७ जानेवारी
अम्मीनं हायाशीला जेवायला बोलावलं. बिर्याणी तीनदा वाढली. शेवटी त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. तिखट लागलं असेल.

२५ जानेवारी
हायाशी पळाला! आजारी आहे म्हणून थेट जपानला. विमानतळावर सोडून आलेला कादर ड्रायव्हर म्हणाला, "मॅडम, गाडीत लई रडला. सारखं इचारायचा, आता कुनाकडं जेवायला जायचं न्हाई ना?"

बिचाऱ्याला आम्ही एक संध्याकाळ स्वतःची मिळू दिली नव्हती.

आणि मोरिता? रंगुबाईंशेजारी बसून मेथी निवडत होता! आता त्याला कुणी आग्रह करत नाही. रंगुबाईच म्हणाल्या, "ह्याचं बरं हाय. नको म्हंजे नको. जिवाला घोर न्हाई."

माझी नोकरी मात्र गेल्यात जमा. गेस्टहाऊसच्या जिन्यात बसून रडले.

२६ जानेवारी
झेंडावंदन. सचिन सरांना टाळलं.

२८ जानेवारी
सरांनी बोलावलं. वाटलं, आता नारळ! तर म्हणाले, "मोरितांनी तुझं नाव सुचवलंय. जपानच्या कारखान्यात दोन वर्षं. म्हणतात, ही मुलगी कुठल्याच कामाला नाही म्हणत नाही. कायम करूनच पाठवू. घाई नाही, घरी विचारून सावकाश..."

त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत माझ्या तोंडून गेलं — "हो सर!"

या अल्ला. मी तर हायाशीच निघाले!